‘मूळचे कुठले?’ या प्रश्नातला भूगोल

नाशिकमध्ये नवी ओळख झाली की दोन-तीन वाक्यांनंतर एक प्रश्न येतोच, “मूळचे कुठले तुम्ही?” आणि त्याचं उत्तर सहसा एका शब्दात संपत नाही. “मूळचे नांदगावचे, वडील सातपूरला कंपनीत लागले, तेव्हापासून सिडकोत.” “आजोळ येवल्याचं, पण आमचं सगळं पंचवटीत.” “आम्ही खान्देशातले, अमळनेरकडचे. इथं येऊन तीस वर्षं झाली.”

मी बारावीच्या मुलांना भूगोल शिकवते. पुस्तक उघडण्याआधी हाच प्रश्न फळ्यावर लिहिते आणि घरून तीन पिढ्यांचं उत्तर आणायला सांगते. आजी-आजोबा कुठले, आई-वडील कुठले, तुमचा जन्म कुठला, आणि दर वेळी जागा बदलली ती कशामुळे. दुसऱ्या दिवशी वर्गात जे गोळा होतं तोच मानवी भूगोल. माणसं कुठे राहतात, तिथेच का राहतात, तिथून का उठतात आणि एकत्र राहताना आपली मांडणी कशी करतात, एवढाच या विषयाचा आवाका. त्यातल्या संकल्पनांची नावं जड वाटतात, पण त्यामागच्या गोष्टी आपण रोज जगतो.

सुरुवात पाण्यापासून करू. इगतपुरी आणि येवला हे एकाच जिल्ह्यातले तालुके, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्याच्या वाट्याला पाचशे-सहाशे येतो. घाटावर अडलेले ढग पश्चिमेला रिकामे होतात आणि पूर्वेचे तालुके पर्जन्यछायेत राहतात. म्हणून इगतपुरी-पेठच्या बाजूला भात, नागली, वरई आणि पूर्वेला बाजरी. जेवणाच्या ताटातली भाकरीसुद्धा पावसाने ठरवलेली.

माणसाचं जगणं निसर्गच ठरवतो, या विचाराला निसर्गवाद म्हणतात. जर्मन भूगोलज्ञ फ्रीड्रिख राट्झेल याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पुढे फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश याने वेगळी मांडणी केली. त्याच्या मते निसर्ग शक्यता समोर ठेवतो, त्यातली कोणती घ्यायची ते माणूस ठरवतो. हा संभववाद. मला विचाराल तर येवला तालुका दोघांचाही साक्षीदार आहे. पाऊस तितकाच कमी, पण पालखेडचा डावा कालवा जिथवर पोहोचला तिथलं पीक बदललं, आणि जिथे पोहोचला नाही तिथे उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहिली जाते. फक्त कालवा कुठून न्यायचा हे माणसांनीच ठरवलं. त्यामुळे दुष्काळाचा सगळा दोष आभाळाला देता येत नाही.

पाण्यावरून वस्तीचा आकारही कळतो. पूर्वेच्या कोरड्या गावांत घरं एकमेकांना चिकटून असतात, कारण पूर्वी विहिरी मोजक्या होत्या आणि एकत्र राहण्यात सुरक्षितता होती. चावडी, पार, देऊळ आणि भोवती गावठाण. ही केंद्रित वस्ती. निफाड-दिंडोरीकडे मात्र कादवेचं, विहिरींचं आणि कालव्यांचं पाणी शेताशेतात पोहोचलं, तशी माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. आता तिथे पत्ता विचारला तर गावाच्या नावाआधी मळ्याचं नाव येतं. ही विखुरलेली वस्ती. सुरगाणा-पेठला डोंगरउतारावर पाडे असतात, दहा-वीस घरांचे, एकेका गावाचे चार-सहा. रस्त्याच्या कडेने लांबत गेलेली तिसरी जात म्हणजे रेषाकृती वस्ती. मुंबई-आग्रा रस्त्यावर ती ढाब्यांच्या आणि टायरच्या दुकानांच्या रूपात दिसते.

खुद्द नाशिक इथेच का वाढलं? एखाद्या ठिकाणाकडे दोन प्रकारे पाहता येतं. एक म्हणजे त्याची जागा. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून इथे येते तेव्हा तिला घाट बांधण्याजोगा काठ मिळतो, काठाला उंच टेकड्या आहेत, पूर आला तरी वरच्या घरांना धक्का लागत नाही. दुसरं म्हणजे त्याचे आजूबाजूशी असलेले संबंध. सह्याद्री चढून आलेला माल दख्खनच्या पठारावर जाताना नाशिकवरून जातो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी हे दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. 1865 साली थळ घाटातून रेल्वे वर आली, पण स्टेशन जुन्या शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांब पडलं. तिथे नाशिक रोड नावाचं वेगळंच गाव उभं राहिलं, 1920 च्या दशकात तिथे सरकारी छापखाना आला आणि त्याच्याभोवती कामगारांची वस्ती वाढली. जागा तीच राहिली, संबंध बदलले आणि शहराला दुसरं केंद्र मिळालं.

गावं एकमेकांवर कशी अवलंबून असतात याचा एक सुंदर सिद्धांत आहे. जर्मनीच्या वॉल्टर ख्रिस्टालर याने 1933 साली तो मांडला. त्याला केंद्रस्थान सिद्धांत म्हणतात. प्रत्येक दुकानाला टिकून राहायला काही किमान गिऱ्हाईक लागतं आणि प्रत्येक वस्तूसाठी माणूस किती लांब जाईल याची एक मर्यादा असते. चहापत्ती-साखरेला कोणी शेजारच्या गावी जात नाही, म्हणून किराणा दुकान प्रत्येक गावात. औषध फवारणीचा पंप घ्यायला पिंपळगाव बसवंत. कांदा विकायला लासलगाव. एमआरआय काढायला नाशिक. एका गावाच्या वर एक बाजारगाव, त्याच्या वर शहर, अशी ही उतरंड. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार मला याचंच जुनं रूप वाटतो. रोज दुकान उघडण्याइतकं गिऱ्हाईक नसेल तर विक्रेते आठवड्याचे वार वाटून घेतात आणि गिऱ्हाईक असेल तिथे स्वतः जातात.

आता लोकसंख्येकडे वळू, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61,07,187 होती. क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. भागाकार केला की घनता निघते, एका चौरस किलोमीटरला 393 माणसं. हा आकडा बरोबर आहे आणि तरीही तो जिल्ह्यातल्या जवळजवळ कोणत्याच माणसाचं जगणं सांगत नाही. महापालिकेच्या हद्दीत तेव्हा 14,86,053 माणसं सुमारे 260 चौरस किलोमीटरमध्ये राहत होती, म्हणजे किलोमीटरला साडेपाच हजारांच्या वर. तिकडे सुरगाण्याच्या डोंगरात पाड्यामागे पाडा लागायला पायी तास जातो. म्हणून भूगोलात आणखी एक घनता मोजतात. एकूण जमिनीऐवजी फक्त पिकाखालच्या जमिनीने लोकसंख्येला भागायचं. तसं केलं की चित्र उलटू शकतं. डोंगराळ तालुका नकाशावर मोकळा दिसतो, पण कसता येईल अशी जमीन इतकी थोडी की प्रत्येक गुंठ्यावर खाणारी तोंडं जास्त. पाड्यावरची माणसं बाहेर का पडतात, याचं उत्तर या दुसऱ्या भागाकारात आहे.

लोकसंख्या वाढते कशी? जन्म वजा मृत्यू, अधिक येणारे, वजा जाणारे. यापलीकडे काही नाही. नाशिक शहर 1991 साली साडेसहा लाखांचं होतं, 2001 साली पावणेअकरा लाखांचं आणि 2011 साली पावणेपंधरा लाखांच्या वर. 1982 साली नाशिक, नाशिक रोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली, तेव्हापासूनची ही वाढ. एवढी वाढ पाळण्यांमुळे होत नाही. ती गाड्या-बसमधून उतरलेल्या माणसांमुळे होते.

पाळणेही बदलले, ती गोष्ट मी आजीवरून सांगते. माझ्या आजीला आठ मुलं झाली, त्यातली पाच जगली. आईला आम्ही तिघं. मला एक मुलगी. वर्गात विचारलं तर दहापैकी आठ मुलांच्या घरात हाच उतार असतो. अमेरिकेच्या वॉरन थॉम्प्सन याने 1929 मध्ये अनेक देशांचे आकडे पाहून हा उतार मांडला. त्यातून तयार झालेल्या कल्पनेला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. आधी जन्मही खूप आणि मृत्यूही खूप, त्यामुळे लोकसंख्या जागच्या जागी. मग स्वच्छ पाणी, लसी, औषधं येतात, मृत्यू झपाट्याने घटतात, पण जन्म आधीच्याच वेगाने चालू राहतात, आणि लोकसंख्या एकदम फुगते. मग मुली शिकतात, मुलं जगण्याची खात्री वाटू लागते, तसे जन्मही घटतात. शेवटी दोन्ही कमी होतात आणि वाढ थांबते.

भारताच्या बाबतीत 1921 हे या वळणाचं वर्ष मानतात. त्याआधीच्या दशकात, 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे, देशाची लोकसंख्या चक्क घटली होती. 1921 नंतर एकाही जनगणनेत ती घटली नाही. आणि आज? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 निघाला. म्हणजे आजच्या दराने एका बाईला आयुष्यात सरासरी पावणेदोन मुलं. एका पिढीची जागा दुसरीने पूर्ण भरायला 2.1 लागतात. आपण त्याच्या खाली आलो आहोत. तरीही लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता आईबाप होण्याच्या वयात आहे. घरटी मुलं कमी, पण घरं जास्त. उतारावर धावत आलेली बस ब्रेक दाबल्यावरही थोडी पुढे जाते, तसं हे आहे. “लोक मुलं जास्त जन्माला घालतात म्हणून गर्दी” हे वाक्य आजच्या महाराष्ट्राला लागू नाही, आणि ते एखाद्या समाजाकडे बोट दाखवून म्हटलं जातं तेव्हा मला राग येतो.

एका आकड्यापाशी मात्र मी दर वर्षी थांबते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली किती, हा तो आकडा. निसर्गतः तो साडेनऊशेच्या आसपास असतो. नाशिक जिल्ह्यात 2001 साली तो 920 होता, 2011 साली 890 झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, 1994 साली केंद्राचा आला. कायदा होता, सोनोग्राफीची यंत्रं होती, पैसे होते, आणि आकडा खाली आला. वर्गातल्या मुलींना हे सांगताना त्या एकमेकींकडे बघतात. आकड्यातून गळालेल्या त्या मुली आज त्यांच्याच वयाच्या असत्या.

आता माणसं हलतात कशी ते पाहू. अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाइन याने 1885 साली इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम काढले. बहुतेक माणसं जवळच जातात. लांब जाणारे मोठ्या शहराकडे जातात. जिकडे लोंढा जातो तिकडून परत येणारा एक छोटा प्रवाहही असतो. आणि कमी अंतराच्या स्थलांतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात. हा शेवटचा नियम आपल्याकडे अगदी चपखल बसतो, फक्त कारण वेगळं. आपल्याकडे बाई लग्न होऊन सासरी जाते. भारतात स्थलांतरितांचा सगळ्यात मोठा गट लग्न झालेल्या बायकांचा आहे. मुलींना मी हे सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं, कारण स्थलांतर म्हटलं की डोळ्यासमोर बिऱ्हाड घेऊन निघालेला कामगार येतो, आपली आई येत नाही.

स्थलांतरित माणूस एकटा येत नाही, मागून भाऊ येतो, मग मेहुणा, मग गावचा मित्र. याला साखळी स्थलांतर म्हणतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे खान्देशातून आलेली माणसं सिडकोच्या एकेका गल्लीत अशीच जमा झाली. श्रावणात तिथे जाऊन पाहा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, घराघरातून अहिराणी ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जनाला गोदावरीवर जातात. माणसांबरोबर देवता, भाषा आणि चव प्रवास करते, त्याला सांस्कृतिक प्रसरण म्हणतात. मालेगावचे यंत्रमागही असेच. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून विणकर मुस्लिम कुटुंबं आली, हातमाग घेऊन बसली, आणि पुढे तिथे यंत्रमागांचं शहर झालं.

दुसरं स्थलांतर परतीचं. दिवाळीनंतर, भात-नागली घरात आली की सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे निघतात. नवरा-बायको दोघं, कडेवर पोर, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. बागेच्या कडेला पाल पडतं. विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मग तोडणी. होळीला पाड्यावर परत. या दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक घडाला त्यांचा हात लागलेला असतो. त्यांच्या मुलांचं शाळेचं वर्ष मात्र मधेच फाटतं. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात याच भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते, वनजमिनीचे हक्क मागत. कसायला स्वतःच्या नावावर जमीन असती तर एवढं लांब मजुरीला यावं लागलं नसतं, हे त्यांच्या पायाच्या फोडांनी सांगितलं.

शेवटचा भाग समाजाच्या मांडणीचा. माणसं एकत्र राहिली की कामं वाटली जातात, नाती ठरतात, आणि कोणाचं घर कुठे हेही ठरतं. जुन्या गावात ही वाटणी जातीने केली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट असे बलुतेदार, त्यांना वर्षाला खळ्यावरून धान्य. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांची नावं अजून तेच सांगतात. तांबट लेन, कुंभारवाडा, सराफ बाजार. या व्यवस्थेचं कौतुक करताना लोक एक गोष्ट विसरतात. तिने काही माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, वेगळ्या विहिरीवर, वेगळ्या वाटेवर. म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या साथीने काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मी तो भूगोलाच्या तासाला शिकवते. कोणती जागा कोणाची आणि कोणी कुठे उभं राहायचं, हा प्रश्न त्या दारात विचारला गेला. दार उघडलं नाही. पाच वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

जन्माने ठरत नाही अशी मांडणीही इथे फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. हिशोब करून पाहा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, आणि वीस भिक्षू गुणिले बारा म्हणजे 240. एका पैशाचा फरक नाही. राजघराण्यातला माणूस विणकरांच्या संघटनेवर कायमचा विश्वास ठेवतो, इतकी ती भक्कम होती. गोवर्धन गाव आजही गंगापूरजवळ आहे. गावातली विकास सोसायटी, कारखान्यातली युनियन, बायकांचा बचत गट या सगळ्यांत मला त्या श्रेणीची नातवंडं दिसतात.

आता पुन्हा मूळच्या प्रश्नाकडे. फेब्रुवारी 2011 मध्ये आमच्या दारात प्रगणक आल्या तेव्हा त्यांच्या तक्त्यात हाच प्रश्न चार तुकड्यांत होता. जन्म कुठे, याआधी कुठे राहत होता, इथे येण्याचं कारण काय, येऊन किती वर्षं झाली. कारणांत नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत, असे मोजके रकाने. वडिलांचं ‘नोकरी’ झालं. आईला विचारलं तर ती म्हणाली, लग्न करून आले. तेवढंच लिहिलं गेलं. नांदगावजवळच्या खेड्यातून आलेल्या माझ्या आईने तोवर सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंगचं काम केलं होतं. त्या रकान्याला ते विचारायचं नव्हतं.

पुढची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये होणार आहे. तेव्हा बागांत द्राक्षाची तोडणी ऐन भरात असेल आणि पाड्यावरची बरीच घरं कुलूपबंद. या वेळी मी आईशेजारी बसणार आहे. तिचं कारण काय लिहायचं, ते आम्ही आधी घरात बोलून ठेवलंय.